हाश्मी सरांची उलटतपासणी

एखाद्या विद्यार्थ्याला रागवायचं असलं, की हाश्मी सर आधी त्याला बसायला खुर्ची द्यायचे. त्याच्याविरुद्ध काय तक्रार आहे ते एका वाक्यात सांगायचे आणि मग गप्प बसायचे. ते गप्प बसणं मुलांना फार जड जायचं, कारण सर खरोखरच ऐकायला बसलेले असत. खोटं बोलणारा तिसऱ्या वाक्यालाच अडखळायचा. मुलं म्हणायची, यापेक्षा दोन शिव्या परवडल्या, निदान लवकर सुटका तरी होते.

मी विधी महाविद्यालयात आले तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या शाळेत गुरुजींनी विचारलं की उत्तर द्यायचं आणि चुकलं की हात पुढं करायचा, एवढीच रीत मला माहीत होती. आपल्याहून मोठा माणूस आपलं म्हणणं ऐकण्यासाठी थांबतो, हे मी पहिल्यांदा हाश्मी सरांकडे पाहिलं. आज मी वकिली करते, पण कायद्याच्या पुस्तकांनी मला जेवढं शिकवलं त्याहून जास्त त्या थांबण्यानं शिकवलं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सर मूळचे शहरातल्या जुन्या शहागंज भागातले. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेले, नंतर सगळं शिक्षण मराठी आणि इंग्रजीत. आम्हाला शिकवायचे तेव्हा उस्मानपुऱ्यात राहायला गेले होते. उंच, थोडे पुढं वाकलेले. शर्टाच्या खिशात कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्यांची चळत. ज्याचं काही जाणार असेल त्याला ते आधी कळलं पाहिजे, हा त्यांचा नियम, आणि तो ते घरीदारी सारखाच पाळायचे. अंगणातल्या लिंबाची एक फांदी छाटायची होती, तर त्यांनी शेजारच्या तिन्ही घरांत चिठ्ठ्या दिल्या. एका बाईंनी हरकत घेतली, की त्या फांदीला माझी धुण्याची दोरी बांधलेली आहे. फांदी राहिली.

सरांच्या पत्नीला आम्ही आपा म्हणायचो. आम्ही मुली घरी गेलो की आपा हातानं वाढायच्या आणि तोंडानं सरांवर तक्रारी सुरू करायच्या. "इनके घर में झाडू बी बिना नोटिस के नै निकलता. सुनवाई होने तक सालन ठंडा हो जाता."

सर शांतपणे भाकरी मोडत म्हणायचे, "हौ, लेकिन फैसला तो गरम मिलता ना?"

"फैसला खाके पेट भरता क्या?" आपा म्हणायच्या. या सुनावणीत सर नेहमी हरायचे.

सरांचा हा स्वभाव दर वेळी सोयीचा होता असं मी म्हणणार नाही. ग्रंथालयात पंख्याखालच्या जागेवरून दोन मुलांचं भांडण झालं, तेव्हा सरांनी तीन बैठका घेतल्या. दोघांचं म्हणणं लिहून घेतलं, ग्रंथपालांची साक्ष घेतली. निकाल लागला तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि पंख्याची कुणाला गरज उरली नव्हती. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक त्यांच्याबरोबर समितीवर बसायला कचरायचे. घरी जायला उशीर होतो, एवढंच कारण.

ते तौलनिक राज्यघटना शिकवायचे, आणि त्यातही त्यांचा जीव अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दोन दुरुस्त्यांत अडकलेला होता, पाचवी आणि चौदावी. रीतसर प्रक्रियेशिवाय सरकारनं कुणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता काढून घ्यायची नाही, एवढाच त्यांचा अर्थ. सर त्यावर सहा आठवडे शिकवायचे. खटल्यांची नावं फळ्यावर लिहायचे आणि मग तिकडं पाठ करून गोष्ट सांगितल्यासारखं सांगायचे.

"पंधरा वर्षांचा पोरगा. शेजारच्या बाईला फोन करून अचकट-विचकट बोलला असा आरोप. पोलिसांनी उचलला. आई-बाप कामावर. घरी साधी चिठ्ठी ठेवली नाही. आई संध्याकाळी येते तर पोरगा नाही! तक्रार करणारी बाई न्यायाधीशासमोर आलीच नाही. वकील नाही. आणि शिक्षा काय? एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृह. मोठ्या माणसानं हेच केलं असतं तर थोडासा दंड, नाहीतर फार तर दोन महिने."

मागून कुणीतरी विचारायचं, "सर, पण फोन त्यानं केलता का नव्हता?"

सरांचा चेहरा उजळायचा. "बघा! नीट विचारलंच नाही, तर आपल्याला कसं कळणार? वरच्या कोर्टानं शेवटी तेच म्हटलं. लहान असला तरी त्याला आरोप कळला पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, आणि आरोप करणाऱ्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत."

ही फौजदारी बाजू झाली. दिवाणी बाजूसाठी त्यांच्याकडे एका इमारतीची गोष्ट होती. घर खाली करण्याच्या खटल्याच्या नोटिसा भाडेकरूंच्या दारांना चिकटवून माणसं निघून जायची. इमारतीतली पोरं त्या फाडून टाकायची आणि हे चिकटवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. भाडेकरूंना कळलं तेव्हा त्यांच्याविरुद्ध निकाल लागून गेलेला. "दाराला सांगितलं म्हणजे माणसाला सांगितलं असं होत नाही," सर म्हणायचे.

एकदा एका मुलानं टोमणा मारला, "सर, अमेरिका लई न्यायी दिसतेय."

"नाही रे बाबा. त्यांनी हे लई वेळा मोडलंय, आणि मोडतातच. आपल्याकडेही हे तत्त्व आहे, नैसर्गिक न्याय म्हणतात. पण घरचं सांगितलं की तुम्ही झोपता, अमेरिका म्हटलं की कान टवकारता. म्हणून तिकडून फिरून येतो."

आता संगीताबद्दल सांगते. संगीता माझी हॉस्टेलमधली खोलीची जोडीदारीण. सिल्लोडच्या पुढं आत एका खेड्यातली. घरची शेती, कापूस आणि मका. तिच्या वडिलांनी तिला एकाच अटीवर शिकायला पाठवलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं तरी परत यायचं आणि लग्न करायचं. ही अट तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, आणि ती तसा अभ्यासही करायची.

दिवाणी प्रक्रियेच्या पेपरला कायद्याचं कोरं पुस्तक, म्हणजे बेअर अॅक्ट, जवळ ठेवायची परवानगी असे. अट एकच, त्यात हातानं काही लिहिलेलं नको. संगीतानं ते पुस्तक शहागंजातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं होतं. त्या दिवशी पर्यवेक्षक हाश्मी सर होते. फिरत फिरत ते तिच्या बाकाशी थांबले. उघड्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक टिपणं होती, आणि ती नेमकी प्रश्न तीनवरची, समन्सच्या बजावणीची. सरांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि पुस्तक उचललं.

मी दोन बाक मागं होते. संगीता उठून म्हणाली, "सर, ते मी..."

सर हळू आवाजात म्हणाले, "आत्ता काही बोलू नको. घाबरून बोललेलं तुझ्याच अंगाशी येईल. बोलायची वेळ तुला मिळेल." त्यांनी पुस्तक पाकिटात घातलं, पाकीट सगळ्यांसमोर बंद केलं, त्यावर सही केली. तिला पेपर पूर्ण करू दिला.

संध्याकाळी मी खोलीवर आले तर तिची पिशवी नव्हती. ती गावाकडच्या एस.टी.नं निघून गेली होती.

आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे परीक्षाही आमची आणि शिक्षाही आमचीच. कॉपीला शिक्षा ठरलेली होती, पूर्ण वर्ष रद्द. चार दिवसांनी कॉपीच्या चौकशी समितीनं मला बोलावलं, संगीता कुठं आहे हे विचारायला. उपप्राचार्य बोर्डे सर अध्यक्ष, दोन प्राध्यापक सदस्य, आणि त्यातले एक खुद्द हाश्मी सर. मी दाराशी उभी राहिले.

"ती आली नाही, म्हणजे तिला म्हणायचं काही नाही," बोर्डे सर म्हणाले. "हाश्मी, तुम्ही स्वतः पकडलंय. तुमच्यासारखा माणूस खोटं लिहिणार आहे का? सह्या करू आणि मोकळं होऊ."

"मी पकडलंय म्हणूनच माझी सही चालत नाही, सर. मी साक्षीदार आहे. मला समितीतून काढा, दुसरं कुणी घ्या."

"बरं, घेऊ. पुढं?"

"तिला नोटीस कधी दिली?"

"दिली की. खोलीच्या दाराला लावलीय."

हाश्मी सर माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, "ती खोलीत आहे का?"

"नाही, सर. गावाकडं आहे."

बोर्डे सरांनी हात जोडले. "हाश्मी, ही अमेरिका नाही हो! आपलं साधं कॉलेज आहे."

"तिथं शाळेतून दहा दिवस काढायचं म्हटलं तरी मुलाला आधी आरोप सांगावा लागतो, आणि त्याचं ऐकावं लागतं," हाश्मी सर म्हणाले. "इथं तर वर्ष जातंय. नोटीस द्या माझ्याकडे, मी पोचवतो."

दुसऱ्या दिवशी सर सिल्लोडच्या गाडीत होते आणि शेजारी मी. एकट्या पुरुषानं मुलीच्या घरी असल्या कामासाठी गेलं तर गावात काय बोललं जाईल हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी मला विचारून सोबत घेतलं होतं. सिल्लोडपासून पुढं काळीपिवळी जीपनं गेलो. संगीताच्या दारात मक्याची कणसं वाळत घातली होती आणि तिचे वडील त्यांतच उकिडवे बसले होते.

सरांनी ओळख सांगितल्यावर ते उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "नाव काढून टाका, सर. पोरगी बदनाम झाली. तुमी धरलं म्हंजे केलंच असंल तिनं. मी पोरगं बघितलंय, दिवाळीनंतर उरकून टाकतो."

"काका, मी धरलं म्हणजे काय? माझेही डोळे साठीला आलेत."

सर तिथंच कणसांच्या कडेला खाली बसले आणि त्यांनी नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. आरोप काय आहे, पुरावा काय आहे, सुनावणी कधी आहे, सोबत कुणाला आणता येईल, साक्षीदाराला प्रश्न विचारता येतील.

"साक्षीदार कोण हाये?" वडिलांनी विचारलं.

"मीच."

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "म्हंजे पोरीनं तुमालाच इचारायचं?"

"हौ. पाहिजे तेवढं विचारायचं."

"आमच्याकडं मास्तरला कुणी इचारत नाय बरं का."

"विचारायला पाहिजे, काका."

संगीता दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "सर, मी त्या दिवशीच बोलत होते. तुम्हीच म्हणाले, बोलू नको."

सरांचा हात नोटिशीवरच राहिला. मग ते म्हणाले, "आज पण मला नको सांगू. आरोप मी केलाय, मला एकट्याला सांगितलेलं तुझ्या कामाचं नाही. समितीसमोर सांग. येशील?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "जा. मी बी येतो संगं."

परतीच्या गाडीत सर खिडकीतून बाहेर बघत होते. फुलंब्री आल्यावर एवढंच म्हणाले, "घाबरलेल्या पोरीला मी गप्प केलं. तिच्या भल्यासाठी केलं, ते खरंय. पण गप्प मीच केलं."

सुनावणीला संगीतानं सोबत म्हणून मला घेतलं. मला बोलायची परवानगी नव्हती, फक्त शेजारी बसायची. तिचे वडील बाहेर बाकावर होते. हाश्मी सर साक्षीदाराच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी लिहून दिलेला अहवाल पुन्हा तोंडी सांगितला. बोर्डे सर संगीताला म्हणाले, "विचार काय विचारायचं ते. लवकर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखालून तिचा पदर ओढला.

"सर," ती म्हणाली, "पुस्तकात काय लिहिलेलं होतं?"

"समन्सच्या बजावणीबद्दल. प्रश्न तीनचं जवळजवळ उत्तरच."

"वाचून दाखवता का?"

पाकीट फोडलं गेलं. सरांनी चष्मा लावला, पान काढलं आणि वाचायला लागले. "समन की तामील... मुद्दाअलैह घर पर न मिले तो घर के किसी बालिग..." आणि मध्येच थांबले. पान डोळ्यांपासून लांब धरलं. परत जवळ आणलं.

"काय झालं?" बोर्डे सरांनी विचारलं.

सरांनी पुस्तक टेबलावर त्यांच्याकडे फिरवलं. पेन्सिलीच्या त्या बारीक ओळी उजवीकडून डावीकडे गेलेल्या होत्या.

"हे उर्दूत आहे," सर म्हणाले. "मी त्या दिवशी वाचलं, समजलं, आणि अहवाल लिहिला. कोणत्या लिपीत वाचतोय हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

आमच्या शहरात सरांसारखी माणसं खूप आहेत. दुकानाची पाटी ती एका लिपीत वाचायला सुरुवात करतात आणि दुसरीत संपवतात, आणि कोणती कुठं संपली हे विचारलं तर सांगता येत नाही. दुसऱ्या कुणी पर्यवेक्षकानं ते पान पाहिलं असतं, तर त्याला एक अक्षर लागलं नसतं आणि त्यानं सगळ्यात आधी हेच विचारलं असतं, की पोरी, हे काय लिहिलंय.

बोर्डे सर सावरले. "पण हिला उर्दू येत नाही कशावरून? सिल्लोडकडची आहे. तिकडं..."

"बोलल्यालं समजतं, सर," संगीता म्हणाली. "शेजारी शकूरचाचांचं घर आहे. वाचता नाय येत."

"मग सिद्ध कर."

"सर, हा प्रश्न तिला नाही," साक्षीदाराच्या खुर्चीतून हाश्मी सर म्हणाले. "येत नाही हे ती कसं सिद्ध करणार? आरोप माझा आहे. तिला येतं हे मी दाखवायला पाहिजे, आणि मला ते दाखवता येत नाही. असं लिहून घ्या."

"तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहून घ्यायला सांगताय."

"जे झालं ते सांगतोय, सर."

बोर्डे सर संगीताकडे वळले. आवाज आता जरा खाली आला होता. "आणि तू, हे आधी का नाही सांगितलंस गं?"

"कुणी विचारलं नाय, सर."

तिनं सांगितलं ते साधं होतं. पुस्तक घेतलं तेव्हाच त्यात हे लिहिलेलं होतं. तिनं एका पानावर खोडून पाहिलं, पण कागद इतका पातळ की फाटला. आपल्याला वाचताच येत नाही तर कुणाचं काय बिघडतंय, म्हणून तिनं बाकीचं तसंच ठेवलं. समितीनं कॉपीचा आरोप काढून टाकला. लिहिलेलं पुस्तक परीक्षेत आणलं म्हणून तिला लेखी समज दिली. समज देण्याला हाश्मी सरांची हरकत नव्हती. "तेवढं तिनं केलंय," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर सर सरळ तिच्या वडिलांपुढं गेले. "काका, चूक माझी होती. तुमच्या पोरीनं काही केलेलं नाही."

वडील गडबडून उभे राहिले. एवढ्या मोठ्या मास्तरानं आपल्यापुढं असं उभं राहावं हे त्यांना सोसवेना. "असं नका म्हणू, सर. असं नका म्हणू." मग डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि अडचणीत सापडल्यासारखे म्हणाले, "पर आता त्या पोराकडच्यांना मी काय सांगू?"

"ते मला काय विचारता?" सर म्हणाले. "तिला विचारा."

वडील कॉलेजच्या फाटकाकडे वळले. मग पाठमोरेच म्हणाले, "काय गं? तुझं काय म्हननं हाय?"

संगीता वडिलांना म्हणाली, "वकील झाल्यावर बघू, दादा."

"बघू तर बघू," ते म्हणाले, आणि गाडी किती वाजता आहे ते विचारायला लागले.

त्यानंतर सरांनी बोर्डे सरांमागं लागून पर्यवेक्षकाच्या अहवालाचा छापील फॉर्म बदलून घेतला. त्यात खाली एक रकाना वाढवला, "विद्यार्थ्याचे म्हणणे". पाच ओळींची मोकळी जागा. पर्यवेक्षकानं आपण पकडलेल्या मुलाला हॉलच्या बाहेर नेऊन, पाणी देऊन, शांत झाल्यावर त्या पाच ओळी भरायला लावायच्या. आमच्या शेवटच्या वर्षापर्यंत सर स्वतः मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षणाला गेले नाहीत. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "जी आँखें सब कुछ पढ लेती हैं, उनपे भरोसा नक्को." मला ते तेव्हा थोडं जास्त वाटलं. अजूनही वाटतं. पण त्यांना पटवायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि आपांनीही एकदा प्रयत्न करून सोडून दिला.

सर निवृत्त झाले. संगीतानं सनद घेतली आणि सिल्लोडच्या न्यायालयात वकिली सुरू केली. गेल्या हिवाळ्यात माझं तिथं एक काम होतं. संगीताची तारीख त्याच दिवशी होती, शेतरस्त्याच्या दाव्यात मनाई हुकमावरचा युक्तिवाद. मी न्यायकक्षात शिरले तर शेवटच्या बाकावर, पक्षकारांच्या गर्दीत, मफलर गुंडाळून हाश्मी सर बसलेले. कुणालाही न कळवता शहरातून एस.टी.नं आले होते. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

संगीता बोलत होती. पूर्वीसारखीच आखूड वाक्यं, पण आता पदर ओढायला कुणी लागत नव्हतं. नकाशा दाखवत ती न्यायाधीशांना सांगत होती, की बैलगाडी कुठून जाते आणि बांध कुठं घातलाय. अर्ध्यात मी पाहिलं तर सरांची मान छातीवर आलेली. प्रवासानं थकले असावेत. तिचा युक्तिवाद संपला, समोरचे वकील बोलले, न्यायाधीशांनी हुकूम सांगितला, लोक उठायला लागले, तेव्हा खुर्च्यांच्या आवाजानं ते दचकून जागे झाले.

"संपलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, सर. संगीताला मनाई हुकूम मिळाला."

माझं बोलणं जणू त्यांना ऐकूच आलं नाही. दोन्ही हातांनी समोरच्या बाकाचा आधार घेत ते माझ्याकडे वाकले. "तिकडच्या वकिलाचं पूर्ण ऐकलं का साहेबांनी? मध्येच तोडलं नाही ना?"

"पूर्ण ऐकलं, सर. अर्धा तास बोलत होते ते."

"मग बरं," सर म्हणाले, आणि मफलर नीट करून संगीताला भेटायला पुढं निघाले.